पत्रा टिकतो, रबर मरतं

वाचकांचे प्रश्न : या वेळी जुन्या स्पोर्ट्स गाड्या

प्रश्न : काका, नमस्कार. माझे आजोबा अंबाजोगाईत डॉक्टर होते. १९७४ च्या सुमारास त्यांनी मुंबईहून एक लाल एमजीबी आणली, एमजी या इंग्लिश कंपनीची स्पोर्ट्स गाडी. दोन सीटची, वरचं कापडी छत मागे पडणारी. ती मूळ एका परदेशी वकिलातीतली आणि स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली गेलेली, असं जुन्या कागदांवर दिसतं. आजोबा गेल्यापासून अकरा वर्षं गाडी शेतातल्या आखाड्यावर ताडपत्रीखाली उभी आहे. वडील म्हणतात, हिचे पार्ट कुठंच मिळत नाहीत, देऊन टाकू. दोन गॅरेजवाल्यांनीही तेच सांगितलं. खरंच मिळत नाहीत का? मिळत असतील तर सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, गाडी देऊ नका. पार्ट मिळत नाहीत या एका समजुतीपायी चांगल्या चांगल्या गाड्या भंगारात गेलेल्या मी पाहिल्या आहेत. एमजीबीच्या बाबतीत तर ती साफ चुकीची आहे. ही गाडी इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनली, पाच लाखांहून जास्त बनली. आजही ती जगभर चालवली जाते, म्हणून तिचे पार्ट बनवणारेही टिकून आहेत. ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ मध्ये मूळ डाय, म्हणजे पत्रा दाबायचे साचे, वापरून एमजीबीचं अख्खं बॉडीशेल, म्हणजे पत्र्याचा सांगाडा, पुन्हा बनवायला घेतलं. वीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एखाद्या देशी हॅचबॅकचा टेललॅम्प शोधणं याहून कितीतरी अवघड आहे.

पण लगेच मागणी नोंदवायला बसू नका. आधी बॉनेट उघडा, चासी नंबराची प्लेट शोधा आणि कापडाने पुसा. नंबराची सुरुवात जीएचएन या अक्षरांनी असेल. जी म्हणजे एमजी, एच म्हणजे १४०० ते १९९९ सीसीच्या वर्गातलं इंजिन, एन म्हणजे दोन सीटची. पुढचा आकडा ३ असेल तर गाडी पहिल्या मालिकेतली, ४ असेल तर १९६७ अखेरनंतरची. इंजिनवरचा नंबर वेगळा. तो १८जी किंवा १८जीए असेल तर क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याला, तीन मेन बेअरिंग, १८जीबी आणि त्यापुढचा असेल तर पाच. हे दोन्ही नंबर वहीत लिहून ठेवा. त्यांच्याशिवाय पार्ट मागवणं म्हणजे माप न देता सदरा शिवायला टाकणं.

आता पार्ट कुठून. मी छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याला एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत नोकरी केली. सुटीच्या दिवशी समर्थनगरातल्या एका डॉक्टरांची १९६६ ची एमजीबी सांभाळायचो, १९९१ पासून. डॉक्टर गेले तेव्हा त्यांच्या लेकीने किल्ली माझ्या हातात ठेवली, "काका, बाबांची गाडी तुमच्याकडेच राहू द्या." ती आजही माझ्या शेडमध्ये आहे आणि दर रविवारी दौलताबादपर्यंत जाऊन येते. एवढ्या वर्षांत तिच्यासाठी विलायतेहून मागवलेला सगळा माल दोन खोक्यांत मावेल. बाकीचं इथलंच आहे.

कार्यशाळेत ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद दखनीत म्हणायचे, "नंबर नहीं तो नाप लेव, नाप नहीं तो घर कू जाव." जुन्या गाडीचं काम करताना मी अजून तेवढ्यावरच चालतो. प्रत्येक पार्टची कुठं ना कुठं सोयरीक असते आणि ती गाडीच्या नावावरून कळत नाही, मापावरून कळते. बेअरिंग घ्या. कडेवर ६२०३ कोरलेलं असेल तर ते आतून १७, बाहेरून ४० आणि जाडीला १२ मि.मी. असतं, मग ते विलायती डायनामोतून निघालेलं असो की पाण्याच्या मोटारीतून. नंबर पुसला असेल तर व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाची पट्टी, लावा आणि बेअरिंगच्या दुकानात जुनं बेअरिंग घेऊन उभे राहा. ऑइल सीलचंही तसंच : आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. फॅन बेल्टला सुतळी गुंडाळून लांबी काढा. टायरचं ऐकून तर तुमचे वडील चकित होतील. एमजीबीच्या १४ इंची चाकाला १६५/८० आर १४ बसतो आणि स्विफ्ट, डिझायरच्या खालच्या मॉडेलांना हाच टायर येत होता. तो अंबाजोगाईत मिळेल. तारांचं चाक असेल तर आत ट्यूब मात्र टाकावी लागेल, कारण तारांच्या टोकांतून हवा निसटते.

सोयरीक जुळवताना मीही एकदा चुकलो होतो, ते सांगतो. एमजीबीचं इंजिन आणि आपल्या जुन्या पेट्रोल ॲम्बेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसीच्या म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजचं. दोघांचा स्ट्रोकसुद्धा, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, एकच, ८८.९ मि.मी. रॉकर कव्हरचं कॉर्कचं पॅकिंग मी ॲम्बेसिडरचं आणून बसवलं होतं आणि ते नीट बसलं होतं. त्या भरवशावर १९९२ साली ॲम्बेसिडरचं हेड पॅकिंगही आणलं. ब्लॉकवर ठेवलं, पाना उचलला, आणि उस्तादांनी माझा हात धरला. ॲम्बेसिडरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७३ मि.मी., एमजीबीचा ८०.३. पॅकिंगची कड चहूबाजूंनी साडेतीन मि.मी.हून जास्त सिलिंडरच्या आत आली होती. तसंच हेड आवळून सेल्फ मारला असता तर इंजिनाचं नुकसान झालं असतं. घराणं एक म्हणून सगळ्यांच्या अंगाला एकच सदरा होत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून नवा पार्ट जुन्याशेजारी ठेवून मापल्याशिवाय पाना हातात घेत नाही.

विलायतेहून मागवायचंच ते कोणतं? ब्रेक आणि क्लचच्या सिलिंडरची रबरं, हेड पॅकिंग, एसयू कार्ब्युरेटरच्या नीडल आणि जेट, पुढच्या किंगपिनचा, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचा, संच. ब्रेकच्या बाबतीत दिसायला सारखं रबर कुणी कितीही स्वस्त दिलं तरी घेऊ नका. पूर्ण सिलिंडर मागवण्याआधी जुना उघडून बघा. आत खड्डे नसतील तर रबरांचा संच पुरतो, तो पाकिटात येतो आणि वजनाला काहीच नसतो. खड्डे असतील तर वाळूजला असे टर्नर आहेत जे आत स्टीलची स्लीव्ह बसवून मूळ मापाला फिनिश करून देतात. टपालाचा खर्च आणि कस्टम ड्युटी दोन्ही लागतात आणि ड्युटी धरताना वाहतुकीचा खर्चही किमतीत मिळवला जातो, म्हणून सुटं सुटं मागवू नका. वर्षभराची यादी करा, ओळखीत अजून कोणाकडे इंग्लिश गाडी असेल तर त्याची यादीही जोडा. मागवताना आधार किंवा पॅनची प्रत तयार ठेवा, कुरिअरवाला केवायसीसाठी मागतोच.

आता आखाड्यावरची गाडी जागी कशी करायची ते नीट वाचा. अकरा वर्षांनी तिला बॅटरी लावून सेल्फ मारू नका. मराठवाड्याच्या हवेचा एक गुण आहे. कोकणात, मुंबईत उभ्या गाडीचा पत्रा गंजून जातो. आपल्याकडे पत्रा टिकतो, रबर मरतं. मे महिन्यातलं बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीचं ऊन आणि कोरडी हवा रबराचा जीव शोषून घेतात. तेव्हा तुमची गाडी बाहेरून धड दिसेल आणि आतली प्रत्येक नळी बिस्किटासारखी तुटेल. ब्रेकचे होज, पेट्रोलच्या नळ्या, रेडिएटरचे होज, पाचही टायर आणि ट्यूब हे सगळं बदलायचंच, चालतंय का ते पाहायचंही नाही.

प्लग काढा, चारही सिलिंडरमध्ये दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हलकेच ढकला. इंजिन फिरलं तर देवाला नारळ फोडा. अडकलं असेल तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडा आणि आठवडाभर वाट बघा. टाकीतलं पेट्रोल काढून टाका, ते आता पेट्रोल राहिलेलं नाही. पेट्रोलचा पंप मागच्या बाजूला आहे, विजेवर चालणारा. किल्ली फिरवली की त्याची टिकटिक ऐकू यायला हवी आणि दाब भरला की ती थांबायला हवी. टिकटिक थांबतच नसेल तर कुठेतरी गळतंय किंवा पेट्रोल वर चढत नाही.

सर्वांत महत्त्वाचं : बॅटरी. १९६७ अखेरपर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या आजच्या गाड्यांच्या नेमकं उलट. त्यात सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. सवयीने उलटी जोडणी झाली की डायनामो आणि त्याचा प्रवाह जोडणारा-तोडणारा कटआउट जळतो. गाडी जीएचएन३ निघाली तर बॅटरीजवळ मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकवून ठेवा.

आणि पाने. नट इंची आहेत. अर्धा इंची नट १२.७ मि.मी.चा, त्याला १३ चा पाना लावला की तो सैल बसतो आणि नटाचे कोपरे जातात. पाऊण इंचीला १९ चा आणि पाच अष्टमांशला १६ चा चालून जातो, बाकीच्या बहुतेकांना नाही. मोंढ्यात इंची रिंग पान्यांचा संच अजून मिळतो. पहिला खर्च तोच करा.

प्रश्न : सर, माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे, गोव्यात बनलेली. बॉडी फायबरची आहे. पुढच्या चाकावर आणि दाराच्या बिजागरीपाशी भेगा पडल्या आहेत. दिवे रात्री इतके मंद की लातूर-औसा रस्त्यावरसुद्धा भीती वाटते. बॅटरी नवी टाकली, फरक नाही. कंपनीचे पार्ट तर कुठेच नाहीत.
— एक वाचक, लातूर

उत्तर : दादा, तुमच्याकडे आपल्या देशात बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स गाडी आहे आणि अशा गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या झाल्या, तेव्हा ती जपाच. अंबाजोगाईच्या वाचकापेक्षा तुमचं काम मला अवघड वाटतं, कारण तुमच्या बॉडीचा साचा जगात कोणी विकत नाही. पण फायबरचं एक सुख आहे, ते घरच्या घरी बनवता येतं.

आधी दिवे, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. पत्र्याच्या गाडीत दिव्याची परतीची वीज बॉडीतून बॅटरीकडे जाते. फायबरमधून वीज जात नाही. त्यामुळे तुमच्या गाडीत प्रत्येक दिव्याला अर्थिंगची वेगळी वायर आहे आणि पंचवीस वर्षांत तिची टोकं काळी पडली आहेत. मल्टिमीटर घ्या, हेडलाइट चालू करा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या अर्थिंगच्या पिनला लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं तर दोष तिथेच आहे. सगळ्या अर्थिंग वायरी सोडवा, टोकं कापून नवे लग दाबून बसवा आणि एका पितळी पट्टीवर एकत्र आणून तिथून जाड वायर थेट बॅटरीला न्या. हे काम एका दिवसाचं आहे. ते होईपर्यंत रात्री गाडी काढू नका.

भेगांसाठी डेंटिंगवाल्याकडे जाऊ नका, तो वरून पुट्टी भरेल आणि सहा महिन्यांत भेग परत दिसेल. लातूरमध्ये कूलरच्या फायबर बॉड्या बनवणारे कारागीर आहेत, त्यांना भेटा. त्यांच्या हाताला रेझिन आणि काचतंतूंची मॅट यांची सवय असते. भेग व्हीच्या आकारात पूर्ण घासून उघडायची आणि मॅटचे थर आतल्या बाजूने चढवायचे. उन्हाळ्यात पहाटे काम करा. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा कॅटलिस्ट साधारण एक ते दोन टक्के पडतो; आपल्या उन्हात एक टक्क्याकडेच राहा, नाही तर रेझिन डब्यातच घट्ट होऊन तापतं. कारागिराला चष्मा लावायला सांगा, कॅटलिस्ट डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. बिजागरीपाशी भेग पडली म्हणजे आतली लोखंडी प्लेट सैल झाली आहे, आधी ती आवळा. आणि दोन्ही दारं, बॉनेट, मडगार्ड धड आहेत तोवर त्यांच्यावरून साचे काढून ठेवा. एखाद्या दिवशी कोणी धडक दिली तर तो साचा तुम्हाला सोन्याहून प्यारा वाटेल.

इंजिनाची काळजी नको. ते रेनोचं ११४९ सीसीचं डी७एफ आहे. त्या काळातल्या युरोपातल्या क्लिओ आणि ट्विंगोमध्ये हेच होतं, त्यामुळे गाडीचं नाव न सांगता इंजिनाचा कोड सांगून पार्ट मागवा.

प्रश्न : नांदेडहून लिहितो. वडिलांची १९६५ ची ट्रायम्फ स्पिटफायर आहे. स्टिअरिंग जड झालंय, पुढची चाकं हलतात. मिस्त्री दर महिन्याला ग्रीस मारतो, तरी फरक नाही.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : ग्रीस मारणं आजच थांबवा आणि खालचं तपासून होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. हे मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. स्पिटफायरच्या पुढच्या चाकाखाली ब्राँझचा एक तुकडा असतो, त्याला ट्रनियन म्हणतात. चाक धरणारा उभा दांडा त्यात आट्यांवर फिरतो. त्या आट्यांना ग्रीस नको, ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. ग्रीस बारीक आट्यांपर्यंत पोचत नाही, वरच घट्ट होऊन बसतं, आत पाणी साचतं, दांडा खालून झिजतो आणि गंजतो. मग एखाद्या वळणावर तो तुटतो आणि चाक आत दुमडतं. तुमच्या मिस्त्रीचा यात दोष नाही. निपल दिसलं की ग्रीस, हे आपण सगळे असंच शिकलो.

चाक जॅकवर घ्या, सगळं खोला, जुनं ग्रीस डिझेलने धुवा. दांड्याच्या आट्यांवर झीज किंवा गंजाचे खड्डे दिसले तर दांडा आणि ट्रनियन दोन्ही बदला. डावा-उजवा अदलाबदल करू नका, आट्यांची दिशा वेगळी असते. चांगले निघाले तर एक वेगळी ग्रीस गन घ्या, तिच्यात ९० नंबरचं ऑइल भरा आणि तेल बाहेर झिरपेपर्यंत मारा. त्या गनला लाल रंग देऊन ठेवा, म्हणजे तिच्यात कोणी ग्रीस भरणार नाही.

तुम्हाला पार्टसाठी एक वाट सांगतो जी फार कमी लोकांना माहीत आहे. स्पिटफायर ही ट्रायम्फ हेरल्डच्याच चासीवरून आणि पुढच्या सस्पेन्शनवरून बनली. आणि हेरल्ड आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड हेरल्ड या नावाने १९६१ पासून बनत होती. तुमच्या गाडीचं ११४७ सीसीचं इंजिनही त्याच घरातलं. चेन्नईच्या पुदुपेट्टईत जुन्या मालात हेरल्डचे पार्ट अजून निघतात. नांदेडला हैदराबाद जवळ, तर सिकंदराबादच्या राणीगंजलाही चौकशी करा. ब्रेक मात्र हेरल्डचे आणू नका, स्पिटफायरला पुढे डिस्क आहेत.

प्रश्न : काका, माझ्या मिस्टरांनी हौसेने घेतलेली १९७१ ची एमजी मिजेट आता मीच चालवते. गेल्या वर्षापासून शेडमध्ये पेट्रोलचा वास येतो, सकाळी लवकर सुरू होत नाही, चढावर खोकते, आणि कन्नडच्या घाटात काटा लालवर जातो. पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे असं होतं का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, तुम्ही स्वतः चालवता हे वाचून फार बरं वाटलं. चालती गाडी उभ्या गाडीपेक्षा नेहमी निरोगी असते. वास आणि खोकणं यांत इथेनॉलचा हात आहे. घाट ही वेगळी गोष्ट, ती शेवटी सांगतो.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९७१ च्या गाडीची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. ती फुगतात, मऊ होतात आणि पाझरतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या बदला. नवी नळी घेताना तिच्यावर एसएई जे३० आर९ छापलेलं बघा, किंवा आतून व्हायटॉनचा, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या रबराचा, थर असलेली घ्या. कार्ब्युरेटरच्या खालच्या बाजूला, जेटला जाणाऱ्या बारीक नायलॉनच्या नळीच्या तोंडाशी एक छोटी रबरी गाठ असते. तिथे बोट फिरवून ओल लागते का पाहा. वास बहुधा तिथूनच येतोय. हे काम होईपर्यंत शेडमध्ये उदबत्तीसुद्धा लावू नका.

खोकण्याचं कारण असं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साडेचौदापट हवा लागते, इथेनॉलला नऊपटच. मिश्रणात इथेनॉल आलं की जुन्या सेटिंगवर हवा जास्त आणि इंधन कमी पडतं. तुमच्या एसयू कार्ब्युरेटरला याचा इलाज सोपा आहे. इंजिन गरम करा. कार्ब्युरेटरच्या बाजूची छोटी पिन वर दाबून कार्ब्युरेटरमधला पिस्टन जेमतेम एक मि.मी. उचला. इंजिन बसायला लागलं तर मिश्रण पातळ आहे. वेग वाढून तसाच राहिला तर जास्त दाट. किंचित वाढून परत जागेवर आला तर बरोबर. पातळ निघालं तर जेटखालचा सहा बाजूंचा नट एक बाजू खाली फिरवा, दोन्ही कार्ब्युरेटरना सारखाच, आणि पुन्हा तपासा. इंजिनाचा श्वास बोटाला कळायला लागला की वाचकांनो, हे काम करताना तासन् तास कसे जातात समजत नाही.

इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून महिनाभर गाडी काढायची नसेल तर टाकी त्या पेट्रोलने भरून ठेवू नका. दर टॅपेट सेटिंगला व्हॉल्व्ह आणि रॉकरमधलं अंतर कमी झालेलं आढळतंय का, याकडेही लक्ष ठेवा. १ फेब्रुवारी २००० पासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्या शिशामुळे जुन्या हेडच्या व्हॉल्व्ह सीट झिजण्यापासून वाचत होत्या. अंतर सारखं कमी होत असेल तर हेड उतरवून कठीण धातूच्या सीट बसवून घ्या, मग आयुष्यभर बघायला नको.

आता घाट. तुमच्याकडे रेडिएटरला बोअरचं पाणी घालतात का? ज्या पाण्याने चहाच्या भांड्याला पांढरा थर येतो, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. पितळी रेडिएटर असल्यामुळे तो सोडवून वरची टाकी उघडून रॉडिंग करता येतं, म्हणजे प्रत्येक नळीत पट्टी घालून ती मोकळी करतात. आपल्या शहरात हे करणारे जुने कारागीर अजून आहेत. नंतर बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, दुसरं काही नाही. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो गरम पाण्यात टाकून उघडतो का पाहा, नसेल तर नवा घाला. मग औट्रम घाटात दुसऱ्या गिअरला सावकाश चढा आणि मला कळवा.

प्रश्न : जुन्या एमजीला मारुतीचं इंजिन बसवलं तर कटकट संपेल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : नको. कटकट इंजिनाची नसते, न केलेल्या देखभालीची असते, आणि ती नव्या इंजिनासोबतही येईल. शिवाय पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते ती मूळ रूपात असेल तरच. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार केला की तो हक्क जातो.

प्रश्न : सर, मी उदगीरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. हैदराबादेत एक १९६८ ची एमजीबी विकायला आहे. रंग नवा, फोटो सुंदर. घेण्याआधी काय पाहू?
— एक वाचक, उदगीर

उत्तर : नवा रंग दिसला की मी आधी खिशातून लोहचुंबक काढतो. त्याला पातळ कापड गुंडाळा आणि दाराखालच्या पट्टीवरून, म्हणजे सिलवरून, पुढून मागे फिरवा. जिथे तो पकडत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. एमजीबीला वेगळी चासी नसते, ही सिलच गाडीचा कणा आहे. मग दार उघडून बंद करा, गाडी मधोमध जॅकवर उचला आणि दार पुन्हा लावा. आता ते अडकत असेल किंवा फट बदलली असेल तर कणा गेलाय. रंग कितीही सुंदर असो, परत या. इंजिन, गिअरबॉक्स खराब निघाले तर ते दुरुस्त होतात आणि त्यांच्यासाठी भाव पाडून घेता येतो.

गाडी थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा, उदगीरहून हैदराबाद काही फार लांब नाही.

कागदांत आरसीवरचा चासी नंबर प्लेटवरच्या नंबराशी एकेक अक्षर जुळवा. परदेशातून आलेली गाडी आहे, तेव्हा ती देशात कशी आली याचा कागद मागा. कस्टमचा किंवा स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा. तो नसेल तर भावाची बोलणीच करू नका. नोंदणी संपलेली असेल तर २०२१ च्या व्हिंटेज नियमांखाली नव्याने करता येते. फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण मग ती गाडी रोज कॉलेजला नेता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. आधीची नोंदणी चालू असेल तर मूळ नंबर राखता येतो, म्हणून ती संपण्याआधी हालचाल करा.

शिकत असाल तर पैसे जपून लागणार, हे मला समजतं. म्हणून गाडी घेतली तर पहिल्या वर्षी रंगाला, सीटच्या चामड्याला, क्रोमला हात लावू नका. ब्रेक, नळ्या, टायर, वायरिंग या क्रमाने जा. चासी नंबर आणि इंजिन नंबर मला कळवा, कोणते पार्ट इथले चालतील त्याची यादी मी करून देतो.